पोटावर पांढरा ठिपका

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीत एका वेळी सहाशे उंदीर असत आणि त्या सहाशेंची खडान्‌खडा माहिती असलेली एकच बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. ज्यांच्या हाताखाली अख्खी प्रयोगशाळा चालायची त्या मोठ्या मॅडमही तिला मावशीच म्हणत, मावशीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असून. अठरा वर्षं झाली होती तिला तिथे. मुलगी बालवाडीत होती तेव्हा लागली, आता मुलगी स्वतः एका बालवाडीत शिकवत होती.

सकाळी आठला ती यायची. घरचे कपडे काढून संस्थेचे घालायचे, वर गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे, पायांत कापडी खोळी. मग दोन दारं. पहिलं पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. बाहेरची हवा आणि बाहेरचे रोग आत जाऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. पर्स, डबा, फोन, काहीही आत न्यायची परवानगी नव्हती. आत भिंतीला लागून मांडण्या, मांडण्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे पिंजरे, तळाला लाकडाचा भुसा, वर जाळी, समोरच्या खाचेत कार्ड. कार्डावर जात, जन्मतारीख, कुणाचा प्रयोग. आठवड्यातून दोनदा भुसा बदलायचा. उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून अलगद उचलायचा, स्वच्छ पिंजऱ्यात सोडायचा, कार्ड जुन्यावरून काढून नव्याला लावायचं. दिवसाला शंभर पिंजरे.

नवीन आलेल्या संशोधकांना सगळे उंदीर सारखेच दिसत. मावशीला दिसत नसत. एखादा पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसला, अंगावरचे केस पिंजारलेले, की ती थांबायची. "ह्याचं काहीतरी बिनसलंय," म्हणायची. दोन दिवसांत ते खरं ठरायचं. मोठ्या मॅडम एकदा पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे लाखालाखाची यंत्रं आहेत, पण आधी आम्ही मावशींना विचारतो." हे वाक्य मावशीने घरी येऊन नवऱ्याला तीनदा ऐकवलं. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, एका कानाने त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तीनदा ऐकवणं भागच होतं असं ती सांगायची.

शिंका सुरू झाल्या त्याला दोन वर्षं झाली होती. आधी तिने सर्दी म्हणून सोडून दिलं. मग डोळे चुरचुरायला लागले. हातमोजा फाटून उंदराचं नख मनगटाला लागलं की तिथे गांध उठायची, मोठी, लाल. आणि गेल्या पावसाळ्यापासून छाती. सकाळी दहाच्या सुमारास छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, जिना चढताना शीळ वाजायची. सुट्टीच्या दिवशी मात्र मोकळं. कामावर गेलं की दुपारपर्यंत पुन्हा तेच. हा हिशेब कुणाही शहाण्या माणसाला कळला असता. मावशीलाही कळला होता. तिने त्याच्याकडे कानाडोळा केला.

त्याला कारण होतं. पूर्वी तिथे पिंजरे धुणारा एक माणूस होता, गालफुग्या म्हणायचे त्याला. त्याला खोकला लागला. त्याने सरळपणे जाऊन सांगितलं, उंदरांजवळ गेलं की खोकला येतो. आठ दिवसांत त्याला फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. पगार तोच, त्रास काही नाही. पण तो माणूस खुर्चीत बसल्या बसल्या वाळला. वर्षभरात नोकरी सोडून गेला. मावशी रोज त्याच्यासमोरून जायची आणि रोज मनात म्हणायची, मला असं बसवलं तर मी चार दिवसांत वेडी होईन.

म्हणून तिने घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका डॉक्टरांना गाठलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "काम काय करता?"

"साफसफाई."

"मग धुळीची ॲलर्जी असेल." त्यांनी तोंडात फवारा मारायचा एक निळा पंप लिहून दिला, शिवाय रोज नेमाने घ्यायचा दुसरा एक. निळ्याने लगेच बरं वाटायचं, म्हणून तोच ती वापरायची. दुसरा तिने कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला. रोज औषध घ्यायचं म्हणजे आजारी आहोत हे कबूल करणं, असं तिला वाटायचं. निळा पंप पर्समध्ये, पर्स संस्थेच्या लॉकरमध्ये, आणि मावशी दोन दारांच्या पलीकडे.

गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की त्याच खोलीत दम्यावरच काम चालू होतं. ते करणाऱ्या मुलीला मावशीने खारूताई नाव ठेवलं होतं. लहानखुरी, चपळ, सतत पेन्सिलीचं टोक कुरतडणारी. डॉक्टरेटचं चौथं वर्ष. उंदरांच्या नाकात ती आठवड्यातून तीनदा कसलेसे थेंब घालायची.

"हे काय पाजतेस गं त्यांना?" मावशीने एकदा विचारलं होतं.

"घरातल्या धुळीत बारीक किडे असतात ना मावशी, डोळ्यांना न दिसणारे? त्यांची पूड आहे. आपल्याला त्यांनी खरं तर काही होत नाही. पण काही जणांचं शरीर त्यांना शत्रू समजतं आणि फौज पाठवतं फुप्फुसात. पांढऱ्या पेशी. त्यातल्या एका जातीच्या पोटात गुलाबी दाणे असतात, त्या दाण्यांत जहाल रसायनं. त्यांनी श्वासनळ्या सुजतात, चिकट होतात, आवळतात."

"मग ती फौज परत जात नाही?"

"परत नाही जात, मरते. मरायलाच पाहिजे. दोन-चार दिवसांत त्या पेशी आपणहून मिटतात, आवरून घेतात स्वतःला, आणि दुसऱ्या पेशी येऊन त्यांना गिळून टाकतात. कुठे सांडलवंड नाही. दम्यात तसं होत नाही. त्यांना निरोप येत राहतो, 'थांबा, मरू नका.' त्यामुळे त्या थांबतात, साचतात."

"म्हणजे जेवण झालं तरी न उठणारे पाहुणे."

खारूताई खो खो हसली. "अगदी तेच! आता माझ्याकडे दोन जातीचे उंदीर आहेत. पिवळ्या कार्डाचे साधे. लाल कार्डाचे खास, त्यांच्यात तो 'मरू नका'चा निरोपच पोचत नाही. दोघांना सारखेच थेंब. लालवाल्यांच्या पेशी वेळेवर मेल्या आणि फुप्फुसं मोकळी राहिली तर माझं म्हणणं सिद्ध."

मावशी भुसा चाळत ऐकत होती. मास्कच्या आत तिचा श्वास शीळ घालत होता. तिला विचारावंसं वाटलं, माणसात हा निरोप बंद करता येतो का? पण तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर खारूताईने तिच्याकडे नीट पाहिलं असतं.

त्यानंतर दहाएक दिवसांनी ते झालं. खारूताईचे आठ पिंजरे होते, चार लाल, चार पिवळे. मावशी खालच्या रांगेतल्या चार पिंजऱ्यांचा भुसा बदलत होती आणि नियमाने एकेक करून करायच्या ऐवजी तिने चारही एकदम टेबलावर घेतले, कारण सकाळपासून छाती भरलेली होती आणि तिला लवकर बाहेर पडायचं होतं. कार्डं काढून बाजूला ठेवली. उंदीर नव्या पिंजऱ्यांत सोडले. तेवढ्यात शिंकांची अशी सर आली की थांबेना. वीस, पंचवीस. डोळ्यांतून पाणी, समोरचं सगळं धूसर. हातात दोन लाल कार्डं, दोन पिवळी. कुठलं कुठल्या पिंजऱ्याचं? तिने अंदाजाने लावली, पिंजरे मांडणीवर सरकवले आणि भिंतीला धरून दाराशी गेली.

पंप घेऊन अर्ध्या तासाने परत आली. चारही पिंजरे जागच्या जागी. सगळे काळे उंदीर, सगळे भुशात खुडबुड करणारे. बरोबरच लावली असतील, ती स्वतःला म्हणाली. हाताला सवय असते. आणि मग मूग गिळून बसली.

त्यालाही अडीच महिने झाले. खारूताईने प्रत्येक पिंजऱ्यातले दोन दोन उंदीर तपासले, फुप्फुसं धुऊन पेशी मोजल्या. मावशीला निकाल कळला तो तिच्या चेहऱ्यावरून. धुण्याच्या खोलीत नळाशी ती उभी होती, पाणी नुसतंच वाहत होतं.

"काय झालं गं?"

"काही धड नाही मावशी. लाल कार्डातल्या निम्म्यांची फुप्फुसं गच्च भरलेली. पिवळ्यातल्या निम्म्यांची चक्क स्वच्छ. काही अर्थच लागत नाही. दोन वर्षं..."  पेन्सिल तिने दाताखाली मोडली होती.

मावशीने मनात हिशेब केला. निम्मे. आठातले चार.

 सांगायचं काय? मला शंका आहे? शंका का आली, तर शिंका आल्या होत्या. शिंका का, तर दोन वर्षं येताहेत. दोन वर्षं काय करत होतीस? एकेका उत्तरामागे पुढचा प्रश्न उभा होता आणि शेवटच्या प्रश्नामागे फाटकावरची ती खुर्ची. चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. नवरा म्हणाला, "अगं, ताटात बघत काय बसलीस?" ती म्हणाली, "मीठ जास्त झालंय." मीठ त्याने दोनदा वरून घेतलं होतं.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, तीनच्या सुमारास, धुतलेले पिंजरे ठेवायला ती मॅडमच्या खोलीवरून चालली होती. दार अर्धं उघडं होतं.

"कधीतरी थांबायला शिकावं लागतं," मोठ्या मॅडम म्हणत होत्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "तुझं गृहीतक चुकलं. लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हे उंदीर पोसत बसण्यात अर्थ नाही. उरलेले आज चारला संपव. ही जातच बंद करू. सोमवारपासून नवीन विषय बघू."

"चारला," खारूताई म्हणाली. एवढंच.

मावशी पिंजऱ्यांची चळत तशीच जिन्यात ठेवून खाली आली. तिचं डोकं एका गोष्टीभोवती फिरत होतं. लाल कार्डाच्या जातीत एक मादी होती, तिच्या पोटावर पांढरा ठिपका, तांदळाच्या दाण्याएवढा. काळ्या उंदरांत असा ठिपका क्वचित निघतो. तिच्या पिल्लांपैकी एकालाच तो उतरला होता आणि ते पिल्लू मावशीने स्वतःच्या हाताने लाल कार्डाच्या पिंजऱ्यात टाकलं होतं. खालच्या रांगेतल्या. तपासलेल्यांत ते गेलं नसेल तर अजून असेल. पिवळ्या कार्डाखाली निघालं तर शंका उरत नाही. लाल कार्डाखाली निघालं तर आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला. आधी बघू, मग सांगू.

सरळ वर जाऊन 'थांबा' म्हणावं हे तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पाय खाली वळले.

कपडे, गाऊन, टोपी, मास्क. पहिलं दार. थांबा. दुसरं दार. घड्याळात तीन वाजून दहा. दुपारी पंप घ्यायचा राहिला होता हे तिला आत आल्यावर आठवलं. परत जाण्यात दहा मिनिटं गेली असती.

टेबलावरचा हवा ओढून घेणारा पंखा तिने लावला नाही, तो तयार व्हायला वेळ घ्यायचा. पहिला पिवळा पिंजरा उघडला. तिन्ही उंदीर एकेक करून उचलले, पोटं पाहिली. काळी. बंद केला. दुसरा उघडला. पण एव्हाना मास्कमधल्या वाफेने चष्मा धुरकटला होता, पोट काळं की पांढरं काही कळेना. तिने मास्क हनुवटीखाली ओढला. पहिला उंदीर, काळा. दुसरा, काळा. तिसरा भुशात घुसला. तिने हात घातला, तो निसटला, पुन्हा घातला, भुसा उसळला, त्याची बारीक धूळ तिच्या तोंडावर आली. हाताला शेपूट लागली. तिने उचललं.

तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा.

ती त्याच्याकडे बघत राहिली. कार्ड पिवळं. उंदीर लालमधला.  मग श्वास घ्यायला गेली आणि तो आत गेलाच नाही.

यापूर्वी शीळ वाजायची, या वेळी शीळही नव्हती. छाती वर उचलली जात होती, खांदे कानापर्यंत येत होते, आणि हवा चिमूटभर आत जाऊन तिथेच अडकत होती, बाहेर निघायला वाट नव्हती. अशाही अवस्थेत तिने उंदीर पिंजऱ्यात सोडला. झाकण लावलं. खटका बसल्याचा आवाज ऐकला. खाचेतलं कार्ड ओढून काढलं आणि मुठीत धरलं.

दार बारा पावलांवर. चौथ्या पावलाला तिने मांडणी धरली. पिंजरे खडखडले. नवव्या पावलाला गुडघे टेकले. आतलं दार ढकललं, मधल्या चिंचोळ्या जागेत शिरली. आता ते मागचं दार लागायला हवं, तरच पुढचं उघडणार. त्याच्या वर ते आपोआप लावणारी दांडी होती, ते सावकाश यायचं, त्याच्या लयीत. अठरा वर्षांत तिला त्याचा कधी राग आला नव्हता. तिने पाठ लावून ते रेटलं. ते आपल्याच वेगाने येत होतं. डोळ्यांच्या कडांना काळं जमायला लागलं. मुलीचा चेहरा आठवायला गेली तर भलतंच आठवलं, नवऱ्याच्या टेबलावरची तेलाची लांब नळीची बाटली. खट्‌. दिवा हिरवा झाला.

कपडे बदलायच्या खोलीत ती पोचली, लॉकरही उघडला, पर्सही ओढली. पंप तोंडाला लावून दाबला, पण आत ओढायला श्वासच नव्हता, फवारा जिभेवरच राहिला. पुन्हा दाबला. पुन्हा.

पावणेचारला खारूताई उंदीर न्यायला खाली आली. मावशी लॉकरला टेकून बसलेली, ओठ निळसर, डोळे सताड उघडे. "मावशी!" ती किंचाळली. पुढचं मावशीला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कुणीतरी उचललं. गाडीची पाठची सीट. खारूताई सारखी म्हणत होती, "बोलू नका, बोलू नका, नुसतं बाहेर सोडा, सोडा."

इस्पितळात तोंडावर वाफेचा मुखवटा चढला, हातात सुई गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि नर्सला म्हणाले, "आवाज नाहीये." शीळ वाजते तोवर हवा चालू असते, छाती मुकी झाली की घड्याळ बघायचं असतं, हे मावशीला नंतर कळलं. पाऊण तासाने शीळ परत आली. त्या कर्कश आवाजाने डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या.

बोलता यायला लागल्यावर मुखवटा वर करून मावशीने पहिला प्रश्न विचारला, "मारले?"

खारूताई कॉटच्या कडेला बसली होती. "काय?"

"उंदीर."

"तुम्हाला घेऊन इथे आले मावशी, उंदीर कुठले मारतेय."

"मारू नको." मावशीने मूठ उघडली. पिवळं कार्ड घामाने भिजून चुरगळलं होतं. मग दोन शब्द, एक श्वास, दोन शब्द, एक श्वास असं करत तिने सगळं सांगितलं. शिंका. चार कार्डं. ठिपका. किती दिवस मनात होतं तेही सांगितलं, आता लपवायला काही उरलं नव्हतं.

खारूताईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी कळलं नाही, मग कळलं, मग कान लाल झाले. "मी तुमच्यासमोर रडले," ती म्हणाली. "नळाशी. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

ती उठली. ओढणी सारखी केली. वॉर्डाच्या दारातून निघून गेली.

तेवढ्यात नवरा आला, हाताला मशिनचं काळं तेल तसंच.  म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला ऐकू आलं असतं का?"

त्याला ऐकू आलं. तो हसला आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. त्यानंतर त्याने स्टूल तिच्या उजव्या बाजूला आणून ठेवलं, चांगला कान तिच्याकडे येईल असं.

दोन दिवस खारूताईचा पत्ता नव्हता. मावशीचा जीव टांगणीला. श्वास सुधारत होता, डॉक्टर खूश होते, पण दार वाजलं की ती मान वळवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात मोठ्या मॅडम दिसल्या. ती उठून बसायला लागली.

"पडून राहा." मॅडमनी खुर्ची ओढली. "कोण कुठल्या जातीचा ते कळावं म्हणून शेपट्यांचे तुकडे तपासले. जिवंत उंदरांचे, आणि आधी तपासलेल्यांचे जे फ्रीजरमध्ये ठेवले होते त्यांचेही. चार पिंजऱ्यांची कार्डं उलटसुलट होती. तुम्ही म्हणालात तीच चार."

मावशीने डोळे मिटले.

"शंका आली त्या दिवशी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. शंका असते तेव्हाच सांगायचं असतं मावशी. खात्री झाल्यावर कोणीही सांगतं."

"चुकलं माझं."

"चुकलंच. ते मी लेखी नोंदवलंय, ते तसं राहील."  मॅडम पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होत्या. "माझंही नोंदवायला हवं. गालफुग्याला फाटकावर मी बसवलं होतं. दुसरं काही शोधायचा कंटाळा केला होता. आणि दम्यावर सतरा वर्षं काम करते मी, तुम्ही रोज समोरून जात होता." त्या उठल्या. "उंदरांच्या खोलीत आता पाय ठेवायचा नाही. हा डॉक्टरांचा हुकूम आणि माझाही."

मावशीने मान हलवली. त्या गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं आणि रडली. घरचं माणूस गेल्यावर रडतात तसं नाही, घर बदलताना रडतात तसं.

खारूताई आली ती घरी सोडायच्या आदल्या दिवशी. राग पुरता गेला नव्हता, ते तिने लपवलंही नाही. "मी अजून चिडलेय तुमच्यावर," ती म्हणाली.

"चीड. बस तरी."

ती बसली. बरोबर काचेची एक पट्टी आणली होती. मावशीच्या खोकल्यातून निघालेला कफ डॉक्टरांनी तपासायला घेतला होता, त्यातला थोडा तिने मागून घेतला होता, मावशीची सही घेऊन. दोघी इस्पितळाच्या तपासणीच्या खोलीत गेल्या. सूक्ष्मदर्शकात डोळा लावल्यावर मावशीला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग एकदम स्वच्छ झालं. गोल गोल पेशी, पोटात गुलाबी दाणे गच्च, मधे निळ्या रंगाचे दोन गोळे, चष्म्याच्या भिंगांसारखे जोडलेले.

"ह्या माझ्या?"

"तुमच्या. बघा किती आहेत. निरोगी माणसात शोधून एखादी सापडते. ह्यांना 'मरू नका' म्हणणारा निरोप तुमच्या फुप्फुसातून सुटत होता, कारण तुम्ही रोज आत जात होता आणि रोज उंदरांच्या अंगावरचं, त्यांच्या लघवीतलं काहीतरी श्वासाबरोबर घेत होता. आता कोपऱ्यात बघा. ती फाटलेली दिसते?"

एक पेशी उसवलेली होती, दाणे सगळीकडे विखुरलेले.

"ती मेली, पण नीट मेली नाही. फुटली. जे सांडलं त्याने श्वासनळीचं आतलं अस्तर जळतं. अस्तराच्या पेशी फुटल्या की त्या आणखी धोक्याचे निरोप सोडतात. मग आणखी फौज. म्हणून सगळं वाढत जातं."

"आणि तो दुसरा पंप? साड्यांमागचा?"

खारूताईला साड्यांचं काही माहीत नव्हतं. कळल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो मावशी! तोच तर ह्यांना शांतपणे मरायला लावतो. निळा नुसत्या आवळलेल्या नळ्या सैल करतो. आत काय चाललंय ते त्याला थांबवता येत नाही."

मावशी परत डोळा लावून बघत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्रेपन्न."

"काय त्रेपन्न?"

"दाणेवाल्या. एवढ्या गोलात. फुटलेल्या सात, त्या धरल्या नाहीत."

खारूताईने स्वतः मोजलं. बावन्न भरल्या. पुन्हा मोजलं, त्रेपन्न.

महिनाभराने मावशी कामावर रुजू झाली ती दुसऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या एका टेबलाशी. काचपट्ट्यांवरच्या पेशी मोजायला. पहिले पंधरा दिवस तिचे डोळे दुखले, मान अवघडली, आणि भुशाच्या वासाची इतकी आठवण आली की एकदा सुताराच्या दुकानासमोर उगाच उभी राहिली. दोनदा जाऊन सांगावं असं वाटलं की जमणार नाही. पण उंदरांत फरक बघायची नजर पेशींतही चालली. कुठली मिटायला आलीय, कुठली नुकतीच आलीय, कुठली फुटायच्या बेतात आहे, हे तिला दिसायला लागलं. आणि तिने एक नियम पाळला. जराही शंका आली तर वहीत मोठ्या अक्षरात लिहायची: शंका. कधीकधी दिवसाला चार चार. संशोधक मुलं वैतागायची. मॅडम वैतागत नसत.

खारूताईचे जुने आकडे नव्याने लावले, उरलेले उंदीर तपासले. पट्ट्यांवर नुसते क्रमांक होते, लाल की पिवळं हे मावशीला ठाऊक नव्हतं. निकाल लागला तो सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात असा नव्हता. लालवाल्यांत पेशी खरोखरच वेळेवर मरत होत्या, फुप्फुसं बरीच मोकळी होती. पण काहींच्या श्वासनळ्या तरीही आवळत होत्या. खारूताईचं म्हणणं निम्मं खरं निघालं. ती आकड्यांचा कागद घेऊन मावशीच्या टेबलाशी आली आणि खुर्चीत धपकन बसली.

"ज्यांच्या नळ्या तरीही आवळतात, ते कुठले?" मावशीने विचारलं. खारूताईने क्रमांक वाचले. मावशीने वही मागे उलटली. त्यातल्या पाचांपैकी चारांपुढे तिने लिहिलं होतं: 'दाणेवाल्या कमी. अस्तर फाटलेलं, तुकडे जास्त. शंका.'

"म्हणजे फौज आली नाही तरी अस्तर आपलं आपण फुटतंय?" खारूताई सावकाश म्हणाली. तिने टेबलावरची मावशीची पेन्सिल उचलली आणि टोक तोंडात घातलं.

"ती माझी आहे," मावशी म्हणाली. "आणि मला काय विचारतेस? जा, मॅडमना विचार. मी मोजते तोवर."

ती धावत गेली. मावशीने घड्याळ पाहिलं, पर्समधून दुसरा पंप काढला, सगळ्यांच्या देखत दोन फवारे घेतले, चूळ भरून आली आणि पुढची पट्टी लावली.